कुत्र्याला फिरवायचे कुठे?

(मंडळाच्या सभेत श्वानपालक सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभेत वेरा, शाळा, मतदारयादी यांवर नेहमी बोलणे होते. आज कुत्र्यांवर बोलायला आम्ही उभे आहोत, म्हणून कोणी हसू नये. प्रश्न कुत्र्यांचा दिसतो, पण आहे तो शहरातल्या जागेचा. सार्वजनिक जागा कोणी, कधी आणि कोणत्या शिस्तीने वापरायची, हे ठरवणे म्हणजेच नगरपालिकेचे राजकारण.

आपल्यातली बरीच कुटुंबे पिढ्यानपिढ्या सुरतेत आहेत. जुन्या शहरात घराला ओटा होता, पुढे शेरी होती. कुत्रा शेरीचा असे, सगळ्यांच्या घरची शेवटची भाकरी त्याच्या वाट्याला येई. आता आपण अडाजण, पालनपूर पाटिया, दिंडोलीच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. कुत्रा चौथ्या मजल्यावर आला. ओटा गेला आणि शेरीचे पार्किंग झाले. सकाळी त्याला खाली आणले की सोसायटीचा वॉचमन म्हणतो बाहेर न्या, बाहेर रस्त्यावर वाहने अंगावर येतात आणि बागेच्या फाटकावर चौकीदार अडवतो. मग त्याला न्यायचे कुठे?

कायद्याचे म्हणणे ऐका. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याच्या कलम 11 मध्ये स्पष्ट आहे की, कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही, तर तो गुन्हा. म्हणजे फिरवले नाही तर कायदा मोडतो आणि फिरवायला गेलो तर जागा नाही. या कात्रीतून वाट काढा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

दुसरी बाजू आम्हाला दिसत नाही असे समजू नका. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्याच खजोद भागात मजुराच्या दोन वर्षांच्या मुलीला भटक्या कुत्र्यांनी फाडले आणि ती दगावली. मे 2025 मध्ये अहमदाबादेत पाळीव रॉटवायलरने चार महिन्यांच्या बाळाचा जीव घेतला. ज्या आईने हे वाचले ती मुलाला बागेत सोडताना कुत्रा पाहून दचकणारच. तिच्या भीतीला नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मोठा आहे आणि वेगळा आहे. त्यासाठी 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2025 मध्ये त्यावर आदेश दिले. आज आमचे बोलणे पाळलेल्या, मालक असलेल्या कुत्र्यांपुरते आहे.

अहमदाबादच्या घटनेनंतर आपल्या महापालिकेने कुत्र्याच्या परवान्यावर जोर दिला. जुलै 2025 मध्ये त्यासाठी दहा शेजाऱ्यांची संमती मागितली गेली. परवान्याला आमचा विरोध नाही. नोंदणी हवीच, लसीचा दाखला हवाच. पण दहा शेजाऱ्यांच्या सह्या कशाला? सहीने कुत्रा शहाणा होत नाही, लसही टोचली जात नाही. नापसंतीला मात्र अधिकार मिळतो. ज्याचे शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाजले आहे, त्याला सही मिळणार नाही. भाडेकरूला मिळणार नाही, सोसायटीत एकट्या पडलेल्या कुटुंबाला मिळणार नाही. परप्रांतात चार पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना, आपले घरचे वागणे शेजाऱ्याच्या मर्जीवर टांगले की काय होते, हे वेगळे सांगायला नको. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की, सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. बागेच्या बाबतीतही त्या सरसकट बंदीऐवजी वेळा ठरवण्याचा मार्ग सुचवतात.

म्हणून आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, प्रत्येक झोनमधल्या एका तरी बागेत कुंपण घातलेला कोपरा कुत्र्यांसाठी राखावा. लहान मुलांच्या झोपाळ्यांपासून दूर आणि दुहेरी फाटकाचा, म्हणजे एक उघडले तरी दुसरे बंद राहील. दुसरी, जिथे कोपरा शक्य नाही तिथे पहाटे आणि रात्री उशिरा ठरावीक वेळ द्यावी आणि ती पाटीवर लिहावी. तिसरी, परवाना लसीच्या दाखल्यावर आणि मालकाच्या वागणुकीवर द्यावा, शेजाऱ्यांच्या सह्यांवर नव्हे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल. हैदराबाद महापालिकेने 2018 मध्ये कोंडापूरला सुमारे 1.3 एकर जागेत कुत्र्यांची बाग उभी केली. तिथे आधी कचरा टाकला जात असे. 1994 च्या प्लेगनंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात आपल्या सुरतेने काय करून दाखवले, ते इथल्या ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिले आहे. या शहराला शिस्त लावता येत नाही, हे निदान सुरतकराने तरी म्हणू नये.

मात्र मागणाऱ्याने आधी स्वतःच्या अंगणात पाहावे. कुत्रा बाहेर काढताना गळ्यात पट्टा आणि हातात पिशवी हवी; त्याची घाण मालकाने स्वतः उचलावी. रेबीजची लस दरवर्षी टोचावी. दक्षिण गुजरातेत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची साथ येते. हा रोग उंदरांप्रमाणे कुत्र्याच्या लघवीतूनही पसरतो, म्हणून त्याचीही लस टाळू नये. अंगावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला तोंडपट्टी बांधावी. आणि जो सभासद हे पाळणार नाही, त्याची तक्रार झाल्यास मंडळाने त्याच्या बाजूने उभे राहू नये. हे आम्ही श्वानपालकच सांगतो आहोत.

आपल्या घरांत दत्ताची तसबीर असते. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला आपण जातो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. त्यांना हाकलून कोणी आरती करत नाही. आणि हे शहर तरी कोणते? 1690 मध्ये इथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने सुरतेतल्या जनावरांच्या इस्पितळाचे नवल लिहून ठेवले आहे. मुक्या जनावराला जागा देणे या शहराला नवीन नाही.

आता काम सांगतो. आपल्या प्रत्येक वॉर्डाला चार नगरसेवकांच्या जागा असतात. मते मागायला सगळे आपल्या दारी येतात. या तीन मागण्यांचा अर्ज बाहेर टेबलावर ठेवला आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी सही करावीच, पण ज्यांना कुत्र्याची भीती वाटते त्यांनी आधी करावी. कुंपण आणि ठरलेली वेळ त्यांच्याही सोयीची आहे. दोघांच्या सह्या एका कागदावर गेल्या, तर महापालिकेला तो बाजूला ठेवणे जड जाईल.

जय महाराष्ट्र, जय जय गरवी गुजरात.