राहण्याजोगे शहर कोणते? डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी अमेरिकेतील दोन शहरांची नावे सांगितली. त्यांना थोडे नवल वाटले. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, फार तर महागाई भत्त्यावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु या मांडवात बसलेल्या कित्येकांची मुले, भाचे, पुतणे आज अमेरिकेत आहेत. 'गाव कसे आहे रे तुझे?' असे आपण त्यांना विचारतो, आणि उत्तर येते ते पगाराचे, घराचे आणि थंडीचे. एखादे शहर राहावयास चांगले की वाईट हे मोजण्याची कामगाराची म्हणून एक निराळी पट्टी आहे. ती आज आपल्यापुढे ठेवावी, एवढाच माझा हेतू आहे.

ही शहरे मी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पण ज्या दोन गावांनी जगाला मोटार आणि पोलाद दिले, त्यांचा इतिहास मी संघटनेच्या कामाच्या निमित्ताने वीस-पंचवीस वर्षे वाचीत आलो आहे.

प्रथम गावांची ठेवण पाहू. डेट्रॉइट सपाट मैदानावर, मोठ्या सरोवरांना जोडणाऱ्या नदीच्या काठी पसरले आहे. पलीकडच्या तीरावर कॅनडा. जागेला तोटा नाही, म्हणून तेथे चाळी उठल्या नाहीत. मैलोगणती बैठी, स्वतंत्र घरे उठली. पिट्सबर्ग डोंगरांच्या कुशीत आहे. ॲलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या तेथे एकत्र येतात आणि ओहायो नदी होऊन पुढे जातात. कारखाने नदीकाठी आणि कामगारांची घरे टेकडीवर. त्यामुळे त्या शहरात सातशेंहून अधिक सार्वजनिक जिने आहेत. कामगार पाळी सुरू होताना जिना उतरे आणि पाळी सुटली की चढे.

१९५० च्या खानेसुमारीत डेट्रॉइटची वस्ती १८,४९,५६८ होती. २०२० साली ती ६,३९,१११ भरली. पिट्सबर्गची वस्ती ६,७६,८०६ होती. ती ३,०२,९७१ वर आली. म्हणजे दोन्ही गावांनी निम्म्याहून अधिक माणसे गमावली. तरी आज जगात एकाचे नाव ओसाडीचे उदाहरण म्हणून घेतात आणि दुसऱ्याचे नाव सावरलेल्या शहराचे उदाहरण म्हणून. असे का व्हावे?

डेट्रॉइटपासून सुरुवात करू. हेन्री फोर्डने १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकता पट्टा आणला. काम इतके कंटाळवाणे झाले की माणसे टिकेनात. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये त्याने आठ तासांना पाच डॉलर रोज जाहीर केला. हा रोज आधीच्या दुपटीहून अधिक होता. दुनियेने त्याला दानशूर म्हटले. पण त्या पाच डॉलरांना अट होती. कंपनीचे तपासनीस कामगाराच्या घरी जात. घर स्वच्छ आहे काय, दारू पितो काय, पैसे साठवतो काय, याची वहीत नोंद करीत. रोज वाढला, आणि त्याबरोबर कंपनी स्वयंपाकघरापर्यंत आली.

मोटार कामगारांची युनियन १९३५ साली उभी राहिली. १९३७ मध्ये फोर्डच्या रूज कारखान्याबाहेरच्या पुलावर पत्रके वाटण्यास गेलेल्या वॉल्टर रूथर आणि त्यांच्या सोबत्यांना कंपनीच्या माणसांनी रक्तबंबाळ होईतो मारले. फोर्डने युनियन मान्य केली ती १९४१ साली. पुढे १९५० मध्ये रूथरने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. 'डेट्रॉइटचा तह' या नावाने तो प्रसिद्ध आहे. निवृत्तिवेतन, आजारपणाच्या विम्याचा निम्मा खर्च आणि महागाईप्रमाणे वाढणारा पगार कंपनीने कबूल केला. कारभाराचे निर्णय मात्र कंपनीच्याच हाती राहिले. रूथरला साऱ्या देशासाठी सरकारी आरोग्य विमा हवा होता. तो मिळेना, म्हणून त्याने कंपनीकडून मिळेल ते पदरात पाडून घेतले. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. दारात आलेली भाकरी कोण परत पाठवतो?

पण त्याचा परिणाम पाहा. औषध, म्हातारपण आणि घराचा हप्ता या तिन्ही गोष्टी कंपनीच्या खुंटीला टांगल्या गेल्या, आणि कंपनीने ती खुंटी उपटून दुसरीकडे ठोकावयास सुरुवात केलीच होती. १९४७ ते १९५८ या काळात तीन बड्या कंपन्यांनी डेट्रॉइटच्या परिसरात पंचवीस नवे कारखाने घातले. ते सारे शहराच्या हद्दीबाहेर, उपनगरांत. १९४७ ते १९६३ या काळात खुद्द शहरातील कारखान्यांमधल्या १,३४,००० नोकऱ्या गेल्या. लोक म्हणतात की १९६७ च्या दंगलीने डेट्रॉइट बुडाले. त्या दंगलीत ४३ माणसे मेली हे खरे. पण तोवर काम हद्दीबाहेर जाऊन वीस वर्षे होत आली होती.

कामामागोमाग माणसे का गेली नाहीत, असे कोणी विचारील. गोरी माणसे गेली. काळ्या माणसांना जाऊ दिले नाही. डेट्रॉइटच्या उत्तर भागात एट माईल रस्त्याजवळ १९४१ साली बांधलेली एक भिंत आहे; सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब. काळ्यांच्या वस्तीला लागून गोऱ्यांची घरे बांधावयाची, तर सरकार कर्जाला हमी देईना. म्हणून बांधणाऱ्याने मध्ये भिंत घातली आणि मग हमी मिळाली. आपल्याकडे वेस आणि वेशीबाहेरचा वाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ही भिंत अजून उभी आहे.

कर भरणारे हद्दीबाहेर गेले. पाण्याचे नळ, शाळा, दिवे आणि जुन्या नोकरांचे निवृत्तिवेतन यांचा बोजा मात्र मागे राहिलेल्यांवर पडला. १९७४ साली कोलमन यंग हे पहिले काळे महापौर अधिकारावर आले. तेही एके काळचे युनियनचे कार्यकर्ते. पण तिजोरी हाती आली तेव्हा ती उतरणीला लागलेली होती. १८ जुलै २०१३ रोजी डेट्रॉइट शहराने दिवाळे जाहीर केले. कर्ज सुमारे १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेत एवढ्या मोठ्या नगरपालिकेचे दिवाळे पूर्वी कधी निघाले नव्हते. सामान्य सेवानिवृत्तांचे वेतन साडेचार टक्क्यांनी कापले गेले, त्यांची महागाईवाढ बंद झाली आणि औषधोपचाराची सवलत मोठ्या प्रमाणात छाटली गेली. पुढच्याच वर्षी थकबाकीसाठी हजारो घरांचे पाणी तोडले. त्या घरांपासून कोसावर गोड्या पाण्याची नदी वाहते!

आता पिट्सबर्गकडे वळू. हे गाव राहावयास मुळात डेट्रॉइटहून वाईट होते. भट्ट्यांच्या धुरामुळे भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत. पोलाद कामगारांचा बारा तासांचा दिवस १९२३ पर्यंत सुटला नाही. १८९२ साली नदीपलीकडच्या होमस्टेड गावी पोलाद कामगारांची टाळेबंदी झाली. ६ जुलैला कंपनीचे भाडोत्री शिपाई नावांतून आले; गोळीबार झाला; दोन्हीकडची मिळून निदान दहा माणसे मेली, आणि तेथील युनियन चाळीसेक वर्षांकरिता मोडली. कारखान्याचे मालक अँड्र्यू कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते. त्यांनीच पुढे १८९८ मध्ये होमस्टेडला ग्रंथालय बांधून दिले. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस पुस्तक वाचणार केव्हा, हा प्रश्न तेव्हाच्या कामगारांनी विचारला, आणि तो रास्त होता.

तरी वाचनालयात वाढलेला माणूस म्हणून मी एक गोष्ट नमूद करतो. पिट्सबर्गच्या मुख्य ग्रंथालयाच्या दारावर, ते लोकांना मोफत आहे, असे कोरले आहे. कारखाने गेले, पण ग्रंथालय राहिले, कारण ते गावाचे होते. धुराचेही तसेच. १९४१ साली नगरपालिकेने धूरबंदीचा कायदा केला आणि युद्ध संपल्यावर, १९४६ पासून, तो अमलात आणला. तो कायदा शहरापुरता होता. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या डोनोरा गावात ऑक्टोबर १९४८ मध्ये जस्ताच्या कारखान्याचा धूर धुक्यात कोंडला आणि वीस माणसे दगावली. कायद्याची हद्द जेथे संपली, तेथे श्वासही संपला, असे म्हणावे लागते.

मग आली १९८० नंतरची पडझड. बड्या पोलाद कंपनीने १९८२ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलर मोजून तेलाची कंपनी विकत घेतली. जुन्या भट्ट्या मात्र जुन्याच राहिल्या. १९८३ च्या आरंभी त्या प्रदेशात दर सहा कामकऱ्यांमागे सुमारे एक बेकार होता. १९८६ मध्ये होमस्टेडचा कारखाना बंद झाला.

आणि आता ऐका. या दोन तारखांच्या मधोमध, १९८५ साली, रँड मॅकनॅली या प्रकाशन संस्थेने अमेरिकेतील शहरांची तुलना करून 'राहावयास सर्वांत उत्तम शहर' म्हणून पहिला क्रमांक दिला तो पिट्सबर्गला! हवामान, घरांच्या किमती, इस्पितळे, शाळा, करमणूक यांना गुण दिले होते आणि बेरीज बरोबर होती. फक्त ज्याची भट्टी विझली, त्याच्यासाठी त्या तक्त्यात पुरेशी जागा नव्हती.

पिट्सबर्ग सावरले ते विद्यापीठे आणि इस्पितळे यांच्या जोरावर. पोलाद कंपनीच्या नावाने उभ्या असलेल्या तेथील सर्वांत उंच इमारतीच्या माथ्यावर २००८ पासून एका इस्पितळ संस्थेची अक्षरे झळकतात. पण भट्टीवरचा पन्नाशीचा माणूस डॉक्टर होत नाही. नव्या नोकऱ्या दुसऱ्यांच्या मुलांना मिळाल्या. त्याची मुले गाव सोडून गेली. ब्रॅडॉक येथे १८७५ साली सुरू झालेला पोलाद कारखाना अजून चालतो. २०२५ मध्ये तो कंपनीसह जपानी मालकांकडे गेला. त्याच ब्रॅडॉकचे इस्पितळ २०१० साली त्याच इस्पितळ संस्थेने बंद केले. होमस्टेडच्या कारखान्याच्या जागी आज दुकानांचा बाजार आहे. जुन्या धुराड्यांची एक रांग शोभेला ठेवली आहे. परळ-लालबागकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जागी काय उभे राहिले आणि कोणती चिमणी शोभेला ठेवली, हे आपण जाणता. त्यावर मी बोलत नाही.

भिंत पिट्सबर्गमध्ये विटांची नव्हती, पण होती. १९५० नंतरच्या दशकात हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीचा खालचा भाग पाडून सुमारे ८,००० माणसे उठवली आणि तेथे खेळांचे सभागृह बांधले. ते १९६१ साली उघडले आणि पन्नास वर्षांनी तेही पाडले. २०१९ साली शहराच्याच आयोगाने अहवाल दिला की काळ्या स्त्रियांचे जिणे बहुतेक तशाच शहरांच्या मानाने पिट्सबर्गमध्ये अधिक खडतर आहे.

तेव्हा निवाडा काय? माझा भाचा मला विचारील, 'मामा, कोणत्या गावी बिऱ्हाड करू?' तर मी पिट्सबर्ग म्हणेन. त्याची आई तेथे गेली आणि तिला मोटार चालवता येत नसली, तर डेट्रॉइटमध्ये ती घरात अडकेल. डेट्रॉइटने १९५६ साली शेवटची ट्राम काढून टाकली. शहराची बससेवा एक आणि उपनगरांची दुसरी, आणि या दुसरीतूनही कित्येक उपनगरे दीर्घकाळ बाहेर राहिली. मोटारीशिवाय गती नाही आणि मोटारीचा विमा देशातल्या सर्वांत महागांपैकी. पिट्सबर्गने काही ट्राममार्ग राखले, आणि पेनसिल्व्हेनिया राज्यात पासष्टीपुढच्या माणसाला सोडतीच्या निधीतून बस फुकट आहे. पगार दोन्हीकडे मिळेल. पण ट्राम, ग्रंथालय, स्वच्छ हवा यांतले जे जे सार्वजनिक म्हणून टिकले, ते बेकार माणसालाही मिळते. पगारातून विकत घेतलेले पगाराबरोबर जाते.

आणि डेट्रॉइटला मी बुडालेले म्हणत नाही. १९८८ साली बंद पडलेले तेथील मोठे रेल्वे स्थानक २०२४ च्या जूनमध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडले. अलीकडच्या अंदाजांत वस्तीही किंचित वाढली आहे. पण ते स्थानक पुन्हा एका मोटार कंपनीने उघडले. त्यात तेथे कामास येणाऱ्यांचे कल्याण किती, हे पाहावयास अजून अवधी आहे.

आम्हा युनियनवाल्यांना यातून एक धडा आहे, तो मी मोकळेपणी सांगतो. करारात लिहून घेतलेली गोष्ट कंपनी असेतोवरच. म्हणून कराराच्या मेजावर जितका जोर लावावयाचा, तितकाच नगरपालिकेच्या दारात लावला पाहिजे: नळासाठी, दवाखान्यासाठी, बससाठी, वाचनालयासाठी. आणि श्रीमंतांना हद्द ओलांडून आपला वाटा चुकवता येणार नाही, असा करही मागितला पाहिजे. हे काम कामगारांनी एकट्याने होणारे नाही; त्यासाठी आपणासारखे नागरिक हवेत.

उद्या कोणी आपल्याला एखाद्या शहराचे कौतुक सांगितले, मग ते अमेरिकेतले असो वा आपले, तर तीन प्रश्न विचारा. येथे काम सुटले तर औषध मिळते काय? म्हातारीला एकटीने बाजारात जाता येते काय? आणि शेजारी कोणाला राहू दिले जात नाही? उत्तरे मिळाली की पगाराचा आकडा विचारावयास हरकत नाही.