जोडगाणी ऐकताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



भावगीत, नाट्यगीत, जात्यावरच्या ओव्या हे आपल्या आवडीचे विषय. आज मी जरा आडवाटेचा विषय घेतला आहे. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे तुकडे जोडून जी गाणी करतात, ज्यांना हल्लीची मुले ‘मॅशअप’ किंवा ‘सँपलिंग’ म्हणतात, त्यांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. सोयीसाठी आपण त्यांना जोडगाणी म्हणू.

‘ही कसली गाणी? ही तर उचलेगिरी!’ असे काही जणी म्हणतील. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पण आधी गंमत पाहू, मग दोषाकडे वळू.

ही हौस आजकालची नव्हे. १९४८ साली पॅरिसमध्ये पिएर शेफेर या नभोवाणीवरील गृहस्थांनी आगगाड्यांच्या शिट्ट्या, वाफेचे फुत्कार आणि चाकांचा खडखडाट मुद्रित केला, ते आवाज मागेपुढे जुळविले आणि ती रचना नभोवाणीवर ऐकविली. पुढे १९५६ साली अमेरिकेत ब्यूकॅनन आणि गुडमन या जोडीने ‘द फ्लाइंग सॉसर’, म्हणजे उडती तबकडी, या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. परग्रहावरचे लोक उतरल्याची खोटी बातमी चाललेली असते. बातमीदार प्रश्न विचारतो आणि उत्तरादाखल त्या वेळच्या एखाद्या गाजलेल्या गाण्याचा तुकडा वाजतो! ध्वनिमुद्रिका धडाक्याने खपली आणि गाण्यांच्या मालकांनी लगोलग कोर्टाची वाट धरली.

यात हसू का येते? गाण्यांच्या भेंड्या खेळताना जे होते तेच येथे होते. ओळखीचे गाणे अनोळखी जागी भेटते आणि नवा अर्थ घेऊन येते. म्हणून जोडगाणे दोनदा ऐकावे. पहिल्यांदा तुकडे ओळखण्यासाठी, दुसऱ्यांदा ओळखीचे तुकडे एकमेकांशेजारी बसून काय बोलतात ते ऐकण्यासाठी.

या कामात कष्टही थोडे नसतात. १९६३ साली बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. तिची सुरावट रॉन ग्रेनर यांची. परंतु ती प्रत्यक्षात उतरविली डेलिया डर्बिशायर या तरुणीने. एकेक स्वर फितीवर मुद्रित करावयाचा, फीत पात्याने कापावयाची, तुकडे चिकटवून जोडावयाचे. शिवणकामाची सवय असलेल्या आपणांस या चिकाटीची कल्पना येईल. ग्रेनर यांनी मोठ्या मनाने तिला सहरचनाकार म्हणावे असा आग्रह धरला. संस्थेच्या नियमात ते बसले नाही. डेलियाबाई २००१ साली वारल्या. मालिकेच्या पडद्यावर त्यांचे नाव प्रथम झळकले ते २०१३ साली, पन्नाशीच्या विशेष भागात!

येथेच मी दोषाकडे येते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात व्हेरा हॉल नावाची कृष्णवर्णीय बाई होती. धुणीभांडी आणि स्वयंपाक करून ती पोट भरी. लोकगीते गोळा करणाऱ्या लोमॅक्स पितापुत्रांनी तिचा आवाज मुद्रित करून ठेवला. १९६४ साली ती गेली. १९९९ साली मोबी या संगीतकाराने आपल्या ‘प्ले’ या संग्रहातील एका गाण्यात तिचा आवाज घेतला आणि त्या संग्रहाच्या लाखो प्रती खपल्या. दु:ख तिचे, गळा तिचा. ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी किती जणांना तिचे नाव सांगता येईल?

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटात बप्पी लाहिरी यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘थोडा रेशम लगता है’ हे गाणे आहे. २००२ साली अमेरिकेत ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे गाजले. त्यात दीदींचा तोच आवाज होता. उल्लेख मात्र नव्हता. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. लाहिरी यांचे नाव दिल्याखेरीज विक्री करू नये, असा हुकूम २००३ साली झाला.

भगिनींनो, आपल्या घरची गोधडीही तुकड्यांचीच. पण तिच्यावरून हात फिरवताना ‘हे आजीचे इरकली, हा मामीचा खण’ असे आपण सांगतो. जनाबाईंनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले, म्हणून सातशे वर्षांनंतरही ते अभंग जनीचे राहिले. तुकडा घेतला म्हणून कोणी चोर ठरत नाही. त्याचे नाव पुसले आणि मोबदला बुडविला, की अन्याय होतो. आणि तो बहुधा आधीच दुबळ्या असलेल्या माणसावर होतो.

तेव्हा मुलांनी असली गाणी लावली तर कानांवर हात ठेवू नका. जवळ बसा, मनमुराद ऐका आणि विचारा, ‘हा मधला आवाज कोणाचा रे?’ त्यांना ठाऊक नसेल, तर मिळून शोधा. आपल्या मंडळातही गाणी वाजवावयाची झाली, तर आधी गाणाऱ्यांची, वाजविणाऱ्यांची आणि जोडणाऱ्यांची नावे वाचून दाखविण्याचा पायंडा पाडावा, अशी माझी सूचना आहे. त्याला पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात.