गाडीतला उजेड: किती, कुठे आणि कधी?

मी चांदवडकर, शिक्षण बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची. पण आजचा भाग हार्डवेअरचा आहे. गाडीच्या आतले जुने पिवळे बल्ब काढून एलईडी कसे बसवायचे? आणि किती बसवायचे?

आमच्या घरच्या गाडीचे दोन युजर आहेत. एक आजी. संध्याकाळनंतर गाडीत बसताना तिला पाय कुठे ठेवायचा ते नीट दिसलं पाहिजे. दुसरे पप्पा. ते रात्री मालेगावहून मुंबई-आग्रा हायवेने, राहुड घाट चढून घरी येतात. त्यांना गाडीच्या आत अंधार हवा. म्हणजे एकाला उजेड, दुसऱ्याला अंधार आणि गाडी एकच. खरी रिक्वायरमेंट ही आहे.

अंधार कशाला? आपला डोळा काळोखाला हळूहळू सरावतो. पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि हा सराव मोडायला झगझगीत पांढरा उजेड काही सेकंद पुरतो. शिवाय आतल्या उजेडाचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं. ताशी ६० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. घाटात टेललॅम्प बंद असलेला ट्रक उभा असेल, तर तो एक सेकंद लवकर दिसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता रंग. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड मिळवतात. त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. पाकिटावर ६००० केल्विन लिहिलं असेल तर उजेड निळसर, ३००० असेल तर पिवळसर. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळसर उजेड जास्त खुपतो. म्हणून आपण ३००० च्या आसपासचा घ्यायचा. शोरूमसारखा लुक येणार नाही, चालेल.

पहिलं काम, छताचा दिवा. कव्हर अलगद काढा. आत बहुतेक वेळा दोन्ही टोकांना धातूची टोपी असलेला लांबट बल्ब असतो किंवा टी-१० नावाचा, नुसता खोचायचा काचेचा बल्ब. लांबट असेल तर पट्टीने मोजा, ३१, ३६, ४१ मिलिमीटर असे साइज मिळतात. दिवा बंद करा, बल्ब थंड होऊ द्या, मग बदला. लागला नाही तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. एलईडीला प्लस-मायनस असतं, उलटा करून बघा. जुना बल्ब साधारण ५ वॅटचा, नवीन एखाद्या वॅटचा. दिवा रात्रभर चुकून चालू राहिला तरी बॅटरीवर ताण कमी. इथे एकही वायर कापावी लागत नाही.

दुसरं काम, पायापाशी छोटी एलईडी पट्टी. आजीचा प्रश्न इथे सुटतो. पण हिचं कनेक्शन पार्किंग लाइटला देऊ नका. तसं केलं तर गाडी चालवताना ती सतत पेटलेली राहते. कनेक्शन दाराच्या सर्किटवर घ्या. दार उघडलं की चालू, लावलं की बंद. आजीही खूश, पप्पाही खूश. बऱ्याच गाड्यांत दाराचा स्विच मायनस बाजू जोडतो, म्हणून अंदाजाने वायर जोडू नका. मल्टिमीटर लावून बघा, नाहीतर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

स्वस्त पट्ट्या लवकर का मरतात, तेही सांगतो. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एका ओळीत जोडलेले असतात. प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट, म्हणजे झाले ९. उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टर झेलतो. पण इंजिन चालू झालं की व्होल्टेज १४ च्या वर जातं. मग रेझिस्टरवर ३ ऐवजी ५ व्होल्ट येतात आणि करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो. पट्टी तापते, आणि दिवे एकेक करून जातात. म्हणून घेताना १४.४ व्होल्ट चालतील का, ते विचारा.

आणि तीन गोष्टींत तडजोड नाही. एक, नव्या वायरला सुरुवातीलाच वेगळा, १-२ अँपिअरचा फ्यूज. वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागण्याआधी फ्यूज उडाला पाहिजे. दोन, पुढच्या काचेशेजारच्या खांबातून वायर नेऊ नका. ज्या गाड्यांत कर्टन एअरबॅग असते, तिथे ती याच भागात बसवलेली असते. तीन, पेडलजवळ काहीही लोंबकळता कामा नये. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी अटी वाचा.

काम झालं की टेस्टिंग करायचंच! रात्री गाडी अंधाऱ्या जागी उभी करा, ड्रायव्हर सीटवर बसा, दारं लावा आणि पुढच्या काचेकडे बघा. काचेत एकही दिवा दिसला नाही, तर टेस्ट पास. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसायला सांगा. पाय न चाचपडता आत आला, तर प्रोजेक्ट डिलिव्हर झाला समजा.

तुमच्या गाडीत कुठला बल्ब निघाला, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळून चालवा!