सरकारी नोकरकपात, बेकारीचा भत्ता आणि राज्याची तिजोरी

(छत्रपती संभाजीनगर येथील सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात एक भगिनी माझ्या कचेरीत आली. एका सरकारी कार्यालयात तिने सात वर्षे झाडलोट केली होती. एके सकाळी हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. तिने मला विचारले, "वकीलसाहेब, सरकारनं कामावरून काढलं तर सरकारच बेकारीचा भत्ता देतं म्हणतात. तो कुठं मागायचा?" प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ नव्हते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हाच प्रश्न उभा आहे, म्हणून तिला जे सांगितले तेच आज आपणांस विस्ताराने सांगणार आहे.

अमेरिकेत १९३५ च्या कायद्यापासून बेकारीचा विमा आहे. तेथे संघ सरकारने नोकर कमी केला, तर त्याचा भत्ता राज्य वाटते आणि संघ सरकार तो राज्यास भरून देते. म्हणजे ज्याने काढले त्याच्याच नावावर खर्च पडतो. आपल्याकडे काय आहे? संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारीत सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख आहे, परंतु तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि न्यायालयातून बजावून घेता येणार नाही अशा मार्गदर्शक तत्त्वांत. सेवायोजन कार्यालये १९४५ साली निघाली, त्या वेळी केंद्राचे मजूरखाते बाबासाहेबांकडे होते. पण त्या कार्यालयात नाव नोंदविल्याने नोकरीचा पत्ता कळू शकतो, भत्ता सुरू होत नाही. हा गैरसमज प्रथम सोडून द्या.

मग भत्ता कोठे आहे? तो १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या आश्रयाने उभा राहिला. २०१८ साली त्याखाली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सरासरी दैनिक मिळकतीच्या चौथ्या हिश्श्याने ती सुरू झाली. २०२० साली, साथीच्या काळात, तो निम्मा करण्यात आला. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तीही सबंध आयुष्यात एकदाच. रोजची सरासरी ५०० रुपये असेल तर दिवसाला २५०, आणि ९० दिवसांचे २२,५०० रुपये. एवढीच ती रक्कम. त्याकरिता दोन वर्षांची विम्याखालील नोकरी आणि ठराविक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. योजना मुदतवाढीवर चालत आलेली आहे, म्हणून अर्ज करण्यापूर्वी विमा महामंडळाच्या शाखा कार्यालयात चौकशी करूनच पाऊल टाका.

येथे एक शब्द नीट ध्यानात ठेवा. गैरवर्तनाबद्दल काढलेल्यास, स्वेच्छेने निवृत्त झालेल्यास हा भत्ता नाही. म्हणून आपणांस मिळालेल्या कागदावर "बडतर्फ" लिहिले आहे, "सेवा समाप्त" लिहिले आहे, की आपल्याकडून "राजीनामा" लिहून घेतला आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. साहेब म्हणतात, "राजीनामा द्या, हिशेब लवकर होईल." देऊ नका! २०२१-२२ च्या एस. टी. संपात हजारो कर्मचाऱ्यांना बडतर्फीचे आदेश मिळाले होते. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना परतण्याची वाट मिळाली. ती वाट मिळाली नसती, तर त्या एका शब्दाने त्यांना जन्मभर अडविले असते.

दुसरी अडचण मालक कोण, ही. झाडू सरकारच्या कचेरीत मारायचा आणि पगार कंत्राटदाराच्या नावाने घ्यायचा! कंत्राटदाराने पगारातून विम्याची वर्गणी कापली आणि भरली नाही, तर ती भरण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर येते, हे १९४८ पासून कायदा सांगतो. तरीही कामगार कंत्राटदाराच्या दारी हेलपाटे घालतो आणि कंत्राटदार दूरध्वनी उचलत नाही.

कायम नोकराची गोष्ट वेगळी. त्याला ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे. पण पदच रद्द केले तर तेही उपयोगी पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली केरळच्या प्रकरणात सांगितले. आणि पद रद्द झाले की त्याबरोबर बिंदुनामावलीतील आपली जागाही पुसली जाते. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात स्थान मिळाले. ज्या जागेसाठी आपण तो दाखला काढतो, ती जागाच कंत्राटात गेली तर दाखला कोणास दाखवावयाचा? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ संस्थांमार्फत बाह्यस्रोताने माणसे घेण्याचा निर्णय काढला होता. तरुणांनी ओरड केली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्यास ६,०००, पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये. मुदत प्रथम सहा महिने, पुढे ती वाढविली गेली. मुदत संपली की तो तरुण घरी. प्रशिक्षण संपणे म्हणजे कपात नव्हे, म्हणून त्याला दावाही नाही.

आता तिजोरीकडे वळू. माणसे कमी केली की राज्याचे पैसे वाचतात, असे सांगितले जाते. हा हिशेब अपुरा आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातील माणसांनी खडी फोडली, ती रोजगार हमीवर. त्या हमीचा पैसा कोठून आला? १९७५ साली व्यवसाय कर बसला. शहरातील पगारदाराने कर द्यावा, सरकारने तेवढीच भर घालावी आणि त्या निधीतून खेड्यातील मजुराची चूल पेटावी, अशी ती मांडणी होती. १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. हा कर आजही वर्षास जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे. हा कर भरणारी एक हजार माणसे सरकारने कमी केली, तर वर्षाला २५ लाखांचा कर गेला, आणि मूळ मांडणीप्रमाणे सरकारची तेवढीच भर धरली तर निधीतील ५० लाख गेले. आणि ती हजार माणसे गावी परतून काम मागू लागली, तर ज्या निधीत ती कालपर्यंत घालत होती त्यातूनच आज ती मागणार!

२००५ च्या केंद्रीय कायद्याने अकुशल मजुरीचा भार केंद्राने घेतला, पण मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारभत्ता राज्याने द्यावा असे ठरविले. त्यामुळे अर्जाची दिनांकित पोचपावती देण्यास हात आखडू लागले. पोच नाही, तर पंधरा दिवस मोजणार कोठून? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० चे १२५ झाले आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. म्हणजे शहरात कमी केलेला माणूस खेड्यात राज्याच्याच खात्यावर उभा राहतो.

दवाखान्याचेही तसेच. विम्याखालील कामगाराच्या औषधोपचारात राज्याचा वाटा आठवा हिस्सा. नोकरी जाऊन विमा संपला की तेच कुटुंब घाटी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहते; तेथला खर्च राज्याचाच. वाचलेला पगार अर्थसंकल्पात दिसतो, हा खर्च मात्र दुसऱ्या खात्याच्या पानावर जातो.

असो. निराश होण्याचे कारण नाही. २००९ साली कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एस. टी. च्या हंगामी सफाई कामगारांची बाजू उचलून धरली. कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसास वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, आणि त्यावर दाद देण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार २००६ च्या उमादेवी निकालाने गेलेला नाही, असा तो निर्णय. खटला लढविणारी संघटना मागासवर्गीय कर्मचाऱ्यांचीच होती, हे मी मुद्दाम सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणातही त्याच न्यायालयाने सरकारी खात्यांना दीर्घकाळच्या तात्पुरत्या नेमणुकांबद्दल सुनावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कपातीची भरपाई दर पुऱ्या वर्षास पंधरा दिवसांचा पगार, ही जुनी तरतूद तेथे कायम आहे. शिवाय पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचे वेतन आहे. दाद मागण्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून दोन वर्षे झाली आहे. घरी बसून "बघू पुढे" म्हणणाऱ्याचे एक वर्ष कमी झाले, असे समजा. वर्षात २४० दिवस भरल्याचा पुरावा आपणांसच द्यावा लागतो. तेव्हा हजेरीची चिठ्ठी, फाटकावरचा पास, बँकेचे पासबुक, विम्याचा क्रमांक, यांतील काहीही फेकू नका.

त्या भगिनीच्या प्रकरणात दावा दाखल झाला आहे. ती आमच्या येथे कधी नव्हतीच, असे कार्यालयाचे उत्तर आले आहे. तिने सात वर्षांच्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मी सध्या त्या तारखेप्रमाणे लावून घेत आहे.