जमिनीच्या पोटातील ओळंबा



भरवस्तीत खोल खड्डा घ्यावयाचा आणि काठावरच्या जुन्या इमारतींना तडा जाऊ द्यावयाचा नाही, हे स्थापत्यशास्त्रातील मोठे अवघड काम होय. ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या मुंबईच्या भुयारी मेट्रोमार्गावर स्थानकांच्या खोदाईसाठी ‘सेकंट पाइल’ ही पद्धत वापरली गेली. खोदण्यापूर्वीच जमिनीत काँक्रीटच्या खांबांची रांग उभी करावयाची, आणि तीही अशी की प्रत्येक खांब शेजाऱ्यात थोडा शिरलेला असावा. आधी एकाआड एक कच्चे खांब भरतात. ते पुरते कठीण होण्याआधी त्यांच्या कडा कापून मधले पक्के खांब घालतात. मातीचा दाब सोसण्यासाठी या पक्क्या खांबांत पोलादी तुळई सोडली जाते.

हे सांगावयास सोपे आहे. खरी परीक्षा खोलीची. ९०० मिलिमीटर व्यासाचे खांब ७५० मिलिमीटर अंतराने घेतले, तर एकमेकांतील शिरकाव १५० मिलिमीटरचा. दोनशे मिलिमीटर उंचीस एक मिलिमीटर एवढाच कल गेला, तरी १५ मीटर खोलीवर खांब ७५ मिलिमीटर सरकतो. शेजारचा तितकाच उलट दिशेस कलला की शिरकाव संपला, त्याखाली फटच. वर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही! फटीतून पाणी येते, पाण्याबरोबर वाळू येते आणि शेजारच्या पायाखालची जमीन पोकळ होते. जर्मनीतील कोलोन येथे ३ मार्च २००९ रोजी भुयारी रेल्वेच्या खड्ड्यालगतचे नगर-अभिलेखागार कोसळून दोघे मृत्युमुखी पडले. तेथील भिंत निराळ्या प्रकारची, सलग काँक्रीटची होती. परंतु तिच्यातील दोषातून माती व पाणी आत वाहिले, हेच कारण ठरले.

आता तुळईकडे वळू. ६०० मिलिमीटर उंचीची, २१० मिलिमीटर रुंदीची तुळई मीटरला सुमारे १२३ किलो भरते. २० मीटरची म्हणजे जवळजवळ अडीच टन. ती ९०० मिलिमीटरच्या छिद्रात मध्यावर ठेवली, तर कोपऱ्यांपाशी सुमारे १३० मिलिमीटर जागा उरते. छिद्रच शंभरास एक कलले असेल, तर तळाशी २०० मिलिमीटरचा फरक पडून ओळंब्यात सोडलेली तुळई बाजूस टेकते. तुळई सरळ हवी असेल, तर आधी छिद्र सरळ हवे. म्हणून माथ्यावर काँक्रीटची मार्गदर्शक भिंत बांधतात आणि छिद्र पाडताना पोलादी नळकांड्याचा कल वारंवार तपासतात. हा खर्च वायफळ समजणारे ठेकेदार पुढे गळती बुजविण्यात त्याहून अधिक घालवतात.

काँक्रीट तळापासून नळीने वर भरत आणतात. ते उशिरा घट्ट होईल असे मिश्रण असावे लागते, कारण तुळई ओल्या काँक्रीटमध्येच उतरवावयाची असते. यारीने टांगलेली तुळई माथ्यावरील चौकटीतून, दोन पातळ्यांवर धरून, सावकाश सोडतात. काटकोनात ठेवलेल्या दोन दुर्बिणी तिचा ओळंबा पाहतात. गवंड्याची दोरी येथे दुर्बिणीत गेली, एवढेच. तुळईची दिशाही सांभाळावी लागते. तिची उभी पट्टी भिंतीच्या रेषेशी काटकोनात हवी. तुळई पूर्ण आडवी फिरली, तर वाकण्यास विरोध करण्याची तिची शक्ती सुमारे एक-बारांशावर येते. तळाला पोहोचल्यावरही चौकट सोडावयाची नाही. काँक्रीट धरेपर्यंत तुळईला माथ्याशी जखडून ठेवतात. नंतर तिला हलविणे कोणालाही शक्य नसते.