स्त्रियांचे मनःस्वास्थ्य आणि आत्मवृत्तांचे वाचन

पेण तालुक्यातील गागोदे हे खेडे विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता उमजेना. मराठी भाषांतर मिळाले, तेही अवघड वाटले. तेव्हा ‘तूच का करीत नाहीस’ अशा अर्थाचे त्या मुलास म्हणाल्या. १९१८ साली त्या निवर्तल्या, आणि ‘गीताई’ छापून निघाली ती १९३२ साली. मनास आधार देणारे पुस्तक स्त्रीला हवे असते. पण ते तिला पेलेल अशा भाषेत आणि वेळेवर हाती यावे लागते.

पेण व रोहा येथील सुशिक्षित कुटुंबांत आज अशा पुस्तकांची वाण नाही. चिंता कशी जिंकावी, मन प्रसन्न कसे ठेवावे, हे सांगणारी पुस्तके दुकानोदुकानी आहेत. त्यांतील काही जाणत्या वैद्यांनी लिहिलेली असून खरोखर उपयुक्त आहेत. परंतु पुष्कळांचा सूर आज्ञेचा असतो. पहाटे उठावे, घटकाभर वेळ स्वतःसाठी राखावा, राग गिळू नये! ज्या घरात सासूबाईंचे पथ्य, मुलांच्या शाळा आणि मुंबईहून रात्रीच्या गाडीने परतणारे यजमान, तेथे ही घटका काढावी कोठून, याविषयी ग्रंथकार मौन पाळतात. परिणामी गृहिणीच्या कामांत आणखी एकाची भर पडते, ते म्हणजे आनंदी राहण्याचे. आणि ते साधले नाही, तर दोषही तिचाच.

आत्मवृत्ताची गोष्ट निराळी. ते उपदेश करीत नाही. शेजारी येऊन बसते. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके विलक्षण, की बाजारातून आलेले मीठदेखील धुतल्यावाचून चालत नसे. १८५७ च्या धामधुमीनंतर सासऱ्यांस फाशी झाली, त्या आघाताशी लक्ष्मीबाई या सोवळ्याचा संबंध जोडतात. आजच्या वैद्यास यात मंत्रचळाची लक्षणे दिसतील. त्या पायी घरातील बायकामुलांचे किती हाल झाले, हे त्या सांगतात; पण सांगताना वडिलांविषयी विष ओकत नाहीत, उलट वाचकास हसवतात. पुढे १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा संसार दुभंगला; १९०० साली त्यांनी स्वतःही तो स्वीकारला. मधल्या काळातील मनाची उलथापालथ त्यांनी झाकून ठेवलेली नाही. ‘खायला-ल्यायला आहे, मग हिला दुःख कसले?’ असे जिला घरोघरी ऐकावे लागते, त्या बाईला हे वाचून आपल्या दुःखाला नाव मिळते. हा लाभ लहान नव्हे.

रोहेकरांना आणखी एक पुस्तक जवळचे वाटावे. चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले. १९५३ साली त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या दुर्गाबाईंनी ‘चिंतामण अँड आय’ हे आत्मकथन इंग्रजीत लिहिले. बालपणी लावून दिलेल्या विवाहातून बाहेर पडून, तुरुंगवासानंतर मॅट्रिकपासून शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या बाईंचे ते आहे.

तथापि आत्मवृत्त म्हणजे औषध नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, बाळंतपणानंतर मुलाकडे पाहावेसे न वाटणे, जीव नकोसा होणे, ही दुखणी होत. त्यांवर पुस्तकांची थप्पी पुढे करणे हा निष्काळजीपणाच ठरेल. तेथे मनोविकारतज्ज्ञच गाठावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ जवळ नसला, किंवा ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने पाऊल उचलत नसले, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीची सोय आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. त्यावर रात्री-अपरात्रीही, पैसे न पडता, मराठीतून बोलता येते.