गुरुवारची पन्नास मिनिटं
(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



सकाळपासून सगळे सरांच्या छडीच्या आणि मधल्या सुट्टीतल्या चिंचा-बोरांच्या आठवणी काढताहेत. मीही तेच बोलणार होतो. पण आपल्या माणसांत उभं राहायचं, तर खरं तेच बोलावं असं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. रात्री जेवणानंतर तिच्या पाठीत दुखायला लागलं, मळमळायला लागलं. "पित्त झालं असेल, गोळी घे आणि पड," असं म्हणून मी झोपलो. पहाटे साडेचारला जाग आली, तेव्हा उशीर झाला होता. हृदयविकाराचा झटका. बायकांमध्ये तो कधी कधी छातीत कळ न येता, पाठदुखी, मळमळ, थकवा असाही येतो, हे मला नंतर कळलं. तुम्ही मात्र आजच लक्षात ठेवा.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, मी कामावर रुजू झालो. "खंबीर माणूस आहे," असं लोक म्हणत. हा खंबीर माणूस रोज पहाटे साडेचारला जागा होत होता. मुलीशी तिच्या आईबद्दल एक शब्द बोलत नव्हता.

वर्षभराने आपल्यातल्याच एका मैत्रिणीने फोनवर माझा आवाज ऐकला आणि एका समुपदेशक बाईंचा नंबर पाठवला. मी चिडलो. "मला काय वेड लागलंय?" ती शांतपणे म्हणाली, "दाढ दुखली तर जातोस ना डॉक्टरकडे?" शेवटी तयार झालो, कारण हे सगळं मोबाइलवर होणार होतं. आमच्या तालुक्याच्या गावात कुणाच्या दाराबाहेर माझ्या चपला दिसणार नव्हत्या.

घरात आई, शेजारी भिंतीला भिंत. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी गावाबाहेर गाडी उभी करायची, काचा वर करायच्या आणि कानात हेडफोन घालून पन्नास मिनिटं बोलायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी माझा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर विचारला. जगणं नको असं वाटतं का, हेही सरळ विचारलं. मला राग आला. नंतर समजलं, की समोरचा माणूस शंभर कोसांवर असतो. वेळ आली तर त्याच्यापर्यंत कोणीतरी पोचायला हवं. झोपेसाठी त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण औषध लिहून देणं हे समुपदेशकाचं काम नाही.

मला वाटलं होतं, त्या उपदेश करतील. त्यांनी बहुतेक वेळ ऐकून घेतलं. चौथ्या-पाचव्या भेटीत त्यांनी मला कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. त्या रात्री मला काय माहीत होतं, आणि आज काय माहीत आहे. दुसरा रकाना भरून वाहिला. पहिल्यात एवढंच आलं: पाठ दुखते म्हणाली, मळमळतं म्हणाली. तो कागद मांडीवर ठेवून मी गाडीत हुंदके देऊन रडलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच. दुःख वेगळं आणि दोष वेगळा, हे मला त्या दिवशी उमगलं. दुःख माझं आहे, ते राहणार. दोष मात्र मी दुसऱ्या रकान्यातलं पहिल्यात लिहून स्वतःवर घेतला होता.

मग बाईंनी विचारलं, "हे तुमच्या मुलीला सांगितलंय?" नव्हतं सांगितलं. सांगायला आणखी तीन आठवडे लागले. सगळं ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, त्या संध्याकाळी आईचा फोन आला होता. मी उचलला नाही." दीड वर्ष आम्ही दोघं एकाच घरात, आपापली शिक्षा एकेकटे भोगत होतो.

आता मी पूर्ण बरा झालो, असं सांगणार नाही. अजूनही कधी कधी साडेचारला जाग येते. पण मग उठतो, चहा ठेवतो. मुलगी जागी असली तर दोन कप. तिच्या आईच्या गोष्टी निघतात, हसूही येतं.

ऑनलाइन समुपदेशन हा प्रत्येक दुखण्यावर इलाज नाही. जीव धोक्यात असेल, तर माणसाला आधी दवाखान्यातच न्यायला हवं. आणि ज्यांच्याशी बोलणार, त्यांचं शिक्षण आणि अनुभव आधी विचारून घ्या. त्यात संकोच नको. पैशांची अडचण असेल, तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. नंबर 14416. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. स्मरणिकेत हा नंबर ठळक छापा, अशी संपादकांना विनंती.

शेवटी एकच मागणं. आपल्या ग्रुपवर रोज सुप्रभात येतं. ज्याचं येत नाही, त्याला फोन करा. "कसा आहेस?" विचारल्यावर तो "मजेत" म्हणेल. मीही वर्षभर तेच म्हणत होतो. आणखी एकदा विचारा.